तुटक्या क्लिपची केबल

मित्रांनो, तुमच्या घरातल्या एखाद्या खणात, जुने चार्जर आणि संपलेले सेल यांच्या गुंत्यात, एक राखाडी वायर नक्की पडलेली असेल. तिचे काय करायचे ते कोणालाच ठाऊक नसते आणि ती फेकून द्यायलाही कोणाचे मन होत नाही. मी तिच्याच जातीची आहे. इंटरनेटची जुनी केबल. मला स्वतःबद्दल बोलायची फारशी सवय नाही, कारण दुसऱ्यांचे बोलणे इकडून तिकडे पोचवण्यातच माझा जन्म गेला. पण एक दिवस असा येऊन गेला की तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. म्हणून सगळे पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात तांब्याच्या आठ बारीक तारा आहेत. त्यांच्या चार जोड्या आणि प्रत्येक जोडीला घट्ट पीळ. पीळ नसेल तर एका जोडीचे बोलणे दुसरीला ऐकू जाते आणि मग सगळाच गोंधळ होतो. वर राखाडी साल, दोन्ही टोकांना काचेसारखे आरपार दिसणारे डोके आणि प्रत्येक डोक्यावर प्लास्टिकची एक इवलीशी क्लिप. डोके खाचेत सरकवले की ती क्लिप 'टक्' असा आवाज करते. त्या आवाजाचा आम्हाला फार अभिमान असतो. टक् झाले की कोणी कितीही ओढो, आम्ही जागा सोडत नाही.

मी ज्या घरात आले तिथे तीन माणसे होती. घरधनी मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला सगळे लिफ्टवालाच म्हणत. त्याची बायको एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. तिला मी मनातल्या मनात चष्मेवाली म्हणते. तिसरे लिफ्टवाल्याचे वडील. सारा जन्म पार्सल ऑफिसात गठ्ठे बांधून ते निवृत्त झाले होते. त्यांना मी पार्सलबाबा असे नाव ठेवले. घरात सुतळीचा तुकडा सापडला तरी ते तो बोटाला गुंडाळून खिशात टाकायचे, आणि दिसेल ते बांधून ठेवायचे. त्यांची गाठ दुसऱ्या कोणाला सुटत नसे, आणि याचा त्यांना माझ्या 'टक्'इतकाच अभिमान होता.

सुरुवातीची वर्षे फार मानाची गेली. घरातल्या अरुंद बोळात, दाराच्या वर, भिंतीला इंटरनेटचा डबा ठोकलेला होता. तिथून खाली उतरून मी कॉम्प्युटरपर्यंत जायचे. "या केबलला तोड नाही," असे लिफ्टवाला पाहुण्यांना सांगायचा. मग एकदा पार्सलबाबांचा पाय माझ्यात अडकला. ते पडता पडता वाचले, पण माझ्या एका डोक्यावरची क्लिप तुटली. "घर आहे का सापळा?" असे म्हणून त्यांनी मला पायानेच भिंतीकडे सारले. माझे काय तुटले ते त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. तेव्हापासून त्या टोकाचा 'टक्' गेला. कोणी जरा टेबलाला धक्का दिला की मी खाचेतून निसटायचे आणि लिफ्टवाला वैतागून मला अंगठ्याने आत दाबायचा.

थोड्याच दिवसांत लॅपटॉप आला आणि त्याच्याबरोबर बिनतारी इंटरनेट आले. हवेतून! ना साल, ना पीळ, ना पायात येणे. मी खणात गेले. त्या वाय-फायचा मला किती राग यायचा हे आता सांगायला हरकत नाही. स्वयंपाकघरात गेले की तो मंद, मोरीत गेले की गायब, तरी सगळे त्याचेच कौतुक करायचे.

त्याच सुमारास घरात बाळाची चाहूल लागली. पार्सलबाबांनी स्वतः जाऊन कठड्याचा एक छोटा लाकडी पलंग आणला. आणून जोडलाही. बाहेरून घरात आले की आधी जाऊन तो हलतो का ते बघायचे. पण बाळ काही आले नाही. घर गप्प झाले. एक दिवस पार्सलबाबांनी कोणाला न विचारता पलंग सुटा केला. दांड्या एकत्र केल्या, बांधायला सुतळी शोधली, ती पुरेना, तेव्हा खण उघडून मला बाहेर काढले आणि त्या दांड्यांभोवती गुंडाळून त्यांची ती प्रसिद्ध गाठ मारली. गाठ बसल्यावरही ते ती पुन्हा पुन्हा आवळत राहिले. दुसऱ्या कोणाला ते कळले नाही, पण मला कसे न कळणार? मग त्यांनी तो गठ्ठा बोळातल्या माळ्यावर ठेवून दिला. माझे तुटक्या क्लिपचे टोक तेवढे माळ्याच्या कडेवरून खाली लोंबत राहिले. त्या टोकातून मी पुढची कितीतरी वर्षे घर पाहिले.

मग एकदा चष्मेवालीने जेवताना विषय काढला. "आपण मूल दत्तक घेऊ या का?" लिफ्टवाल्याने मान हलवली. पार्सलबाबांनी ताट बाजूला केले. "तुमचं तुम्ही बघा," एवढेच बोलून ते उठले. नाही म्हणाले नाहीत, पण होही म्हणाले नाहीत. नंतर लिफ्टवाल्याने त्यांना एकटे गाठून विचारले तेव्हा म्हणाले, "एकदा बांधून वर ठेवलं ते मी पुन्हा सोडत नसतो." अर्ज गेला, कागद गेले, लोक येऊन घर बघून गेले. पार्सलबाबा प्रत्येक वेळी फिरायला निघून जायचे.

शेवटी एक दिवस संस्थेच्या बाईंचा फोन आला. चार वर्षांची एक मुलगी होती. ती या तिघांना पडद्यावर पाहणार, हे तिला पाहणार, बाई प्रश्न विचारणार. बैठक कॉम्प्युटरवरच व्हायला हवी, कारण काही कागद पडद्यावर दाखवून मंजूर करायचे होते. फोनवर चालणार नाही, आणि बैठक स्वतःच्या घरातूनच झाली पाहिजे, असे बाईंनी बजावले होते. शिवाय घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने हजर राहायला हवे होते. हे शेवटचे वाक्य ऐकून नवराबायकोने एकमेकांकडे पाहिले.

आता खरा घोटाळा ऐका. लॅपटॉप गेले काही दिवस सारखा विचारत होता: नवी आवृत्ती तयार आहे, आत्ता की नंतर? बैठकीच्या आदल्या संध्याकाळी लिफ्टवाला म्हणाला, "उद्या बोलताना मध्येच हे टपकलं तर? आजच उरकून टाकू." लिफ्टचा धंदाच तसा. माणसे आत चढायच्या आधी दुरुस्ती करून मोकळे व्हायचे. त्याने 'आत्ता'वर बोट ठेवले, आणि लॅपटॉपने बराच वेळ गोल गोल फिरून नवा मुखडा दाखवला. सगळे कसे गुळगुळीत, कोपरे गोल. "झालं बघ," तो म्हणाला आणि झाकण मिटले. इंटरनेट लागते का ते मात्र पाहायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी बैठकीला थोडा वेळ असताना चष्मेवालीने लॅपटॉप उघडला. कोपऱ्यात जिथे वाय-फायची खूण असायची तिथे नुसता एक पृथ्वीचा गोळा होता आणि त्याच्यावर फुली.

"अरे, हे काय झालंय? नेटच नाहीये."

"असेल गं. बंद करून चालू कर."

बंद करून चालू केला. फुली तशीच. लिफ्टवाल्याने स्टुलावर चढून भिंतीवरचा डबा बंद केला, थांबला, पुन्हा लावला. माझे टोक त्याच्या कानाला घासून गेले. त्याने ते माशी उडवावी तसे बाजूला सारले. मित्रांनो, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? मी ओरडले असते, पण आमच्या पोटात दुसऱ्याचा आवाज असतो, स्वतःचा नाही.

डबा बिचारा ठणठणीत होता. चष्मेवालीच्या फोनला त्याच्यावरून इंटरनेट मिळतच होते. म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार चालला होता. मग त्यांनी विमान-मोड चालू करून बंद केला. लॅपटॉपला स्वतःचीच तपासणी करायला सांगितली. त्याने आपली छाती आपणच तपासली आणि सांगितले: कोणतीही अडचण आढळली नाही. मदतकेंद्राला फोन लावला तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आपल्या सर्व शंकांची उत्तरं आमच्या संकेतस्थळावर आहेत."

"अहो ताई, संकेतस्थळावर जाता येत नाही म्हणूनच तर फोन केलाय!" लिफ्टवाला ओरडला. पलीकडे गाणे लागले.

मग त्याने ती चूक केली. त्याच्या कामात एखादा भाग चालेनासा झाला की तो काढायचा, पुसायचा आणि परत बसवायचा. लॅपटॉपच्या आत सगळ्या भागांची नावे दाखवणारी एक जागा असते. तिथे वायरलेस कार्डाच्या नावापुढे पिवळी खूण होती. लिफ्टवाल्याने ते नावच काढून टाकले. "परत चालू केला की आपोआप येईल," म्हणाला. परत चालू केला. आधी निदान नाव तरी होते. आता त्या जागी 'अनोळखी उपकरण' असे आले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

मित्रांनो, झाले होते ते असे. लॅपटॉपच्या आतले वायरलेस कार्ड जुने होते आणि त्याच्या डोक्यावर बसलेला कारभारी, म्हणजे आदल्या संध्याकाळची ती आवृत्ती, नवा होता. दोघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती. मध्ये एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नव्या कारभाऱ्याने जुन्या दुभाष्याला घरी पाठवले होते आणि नवा नेमलाच नव्हता. कार्ड बिचारे जिवंत होते, ऐकत होते, पण त्याला विचारणारे कोणी नव्हते. वाय-फायवर माझा राग होता खरा, पण त्या कार्डाची मला त्या दिवशी कीव आली. आपले म्हणणे कोणाला कळत नाही म्हणजे काय होते ते मला ठाऊक आहे.

चष्मेवालीने फोनवर शोधून तो ड्रायव्हर उतरवूनही घेतला. पण फोनमधून लॅपटॉपमध्ये न्यायचा कसा? हवेतून न्यावा तर लॅपटॉप बहिरा. फोनची वायर जोडून पाहिली तर ती नुसती चार्ज करायची, दुसरे काही तिच्यातून जातच नव्हते. फोन आणि लॅपटॉप एकमेकांशेजारी वीतभर अंतरावर पडले होते आणि ते वीतभर अंतर काही केल्या पार होईना. लिफ्टवाल्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. चष्मेवाली आपला चष्मा काढायची, पदर नाही तर रुमाल सापडेल त्याने पुसायची, लावायची आणि पुन्हा काढायची. काचा आधीच लख्ख होत्या.

"आपल्याकडे आधी एक वायर होती ना?" ती एकदम म्हणाली. "डब्यापासून थेट लावायची ती?"

"होती. फेकली असेल."

"बघ तरी!"

खण उपसले गेले. चपलांचे खोके, शिलाईचा डबा, पलंगाखालची पेटी, सगळे जमिनीवर पालथे झाले. मी वर लोंबत होते. आणि मित्रांनो, मला सगळ्यात जास्त भीती कसली वाटत होती माहीत आहे का? ते मला शोधू शकत नव्हते याची नाही. बोळाच्या तोंडाशी खुर्चीत पार्सलबाबा बसले होते आणि त्यांची नजर सरळ माझ्यावर होती. मी कुठे आहे ते त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनीच तर बांधले होते. आणि ते बोलत नव्हते.

नुसते गप्प राहिले असते तर सगळे आपोआप टळणार होते. नाही म्हणण्याचा वाईटपणासुद्धा घ्यावा लागला नसता. त्यांचा अंगठा तर्जनीवर घासत होता, सुतळी गुंडाळताना घासायचा तसा. बोला ना हो बाबा, असे मी मनात म्हणत होते. माझी क्लिप तुम्ही मोडलीत, ते मी केव्हाच सोडून दिले. पण आता बोला.

चष्मेवालीने संस्थेला फोन लावला. दोघांना ऐकू यावे म्हणून फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"बाई, आमचं नेट गेलंय हो. थोडं पुढे ढकलता येईल का? उद्या?"

"उद्या नाही हो जमणार," पलीकडून बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणूनच जास्त भीती वाटली. "तिला तयार करून इथे बसवलंय. आज तुमचं झालं नाही तर नियमाप्रमाणे मला पुढच्या कुटुंबाला बोलवावं लागेल. अजून थोडा वेळ आहे, बघा काही होतंय का."

तेवढ्यात बाईंच्या मागून एक बारीक आवाज आला. "ते येणार नाहीत का?"

"येतील बाळा. त्यांचं मशीन बिघडलंय."

"मग मी इथेच बसू?"

फोन बंद झाला. चष्मेवाली पालथ्या पडलेल्या सामानाच्या मध्ये जमिनीवर बसली. बोळात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

पार्सलबाबा उठले होते. त्यांनी स्टूल ओढले, भिंतीला धरून त्यावर चढले आणि माळ्यावरचा गठ्ठा पुढे ओढला. "धर खालून," मुलाला म्हणाले. दांड्या खाली आल्या, आणि त्यांच्याभोवती मी. लिफ्टवाल्याने मला पाहिले आणि मग त्या दांड्या कशाच्या आहेत ते पाहिले. एका दांडीवरची धूळ त्याने तळव्याने पुसली. मग घाईने म्हणाला, "कात्री आण गं!"

माझ्या पोटातल्या आठही तारा गोठल्या.

"कात्री लावायची नाही," पार्सलबाबा म्हणाले. "कापलीस तर वायर मेली. आणि गाठीला कात्री लावायला मी काय नवशिका आहे?"

"बाबा, वेळ नाहीये!"

"मग गप्प उभा राहा."

ते जमिनीवर बसले. वर्षांनुवर्षे आवळलेली ती गाठ, वर धुळीचा थर, आणि बोटे आता म्हातारी. एक पदर हलला, दुसरा हलेना. त्यांनी फुंकर मारून धूळ उडवली, नखाने टोक उचकले आणि पुन्हा प्रयत्न केला. चष्मेवाली आपल्या कामातली काच तपासायची बॅटरी घेऊन शेजारी बसली आणि गाठीवर उजेड धरला. "खालून घ्या बाबा, तो पदर खालून आलाय," ती हळूच म्हणाली. गाठ सुटली. दांड्या एकमेकींवर घरंगळल्या आणि मी मोकळी झाले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असा टोमणा मारायची वेळ खरे तर माझी होती. पण मला तेव्हा नुसते रडू येत होते.

एक टोक डब्यात गेले. टक्! दुसरे लॅपटॉपपर्यंत पोचेना, कारण त्याचे टेबल जुन्या कॉम्प्युटरच्या जागेपेक्षा आतल्या बाजूला होते. हातभर कमी पडले. मग टेबलच ओढून बोळात आणले, तर बोळ भिंतीपासून भिंतीपर्यंत भरून गेला. तरी मी ताणलेलीच. आणि हे माझे तुटक्या क्लिपचे टोक. लॅपटॉपच्या भिंतीकडच्या बाजूच्या खाचेत शिरले, गोळ्यावरची फुली गेली, चष्मेवालीने टाळी वाजवली, आणि मी निसटले. फुली परत आली. लिफ्टवाल्याने चिकटपट्टी लावली. मी ती घेऊन निसटले. मला लाज वाटत होती, मित्रांनो. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे लागलेले आणि मला साधे जागेवर राहता येत नव्हते.

"मी धरून बसतो," लिफ्टवाला म्हणाला.

"तू पडद्यासमोर नको का? बाप तू होणारेस का मी?" पार्सलबाबा म्हणाले. त्यांनी वाकून टेबलाखाली पाहिले. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट होती, आणि तिथे पोचायची वाट खालूनच होती. गुडघ्यांवर हात टेकून, तोंडाने "आई गं" म्हणत, ते टेबलाखाली शिरले. फटीतून त्यांचा हात वर आला आणि त्यांनी मला अंगठ्याने खाचेत दाबून धरले. घट्ट. गाठ मारताना दाबायचे तितकेच घट्ट.

फुली गेली. पडदा उजळला.

त्यात एक टेबल, मागे कपाट, संस्थेच्या बाई, आणि त्यांच्या दंडामागे दडलेली, अर्धेच तोंड दिसणारी एक मुलगी. चष्मेवालीने तिला हाक मारली, तर ती उरलेले अर्धे तोंडही मागे घेऊन बसली. बाईंनी प्रश्न सुरू केले. कामाच्या वेळा काय, शाळा किती लांब, आजारी पडली तर रजा कोण घेणार. नवराबायको उत्तरे देत होते आणि प्रत्येक उत्तर माझ्या पोटातून जात होते. मध्येच पार्सलबाबांचा हात थरथरला आणि चित्र थिजले. बाईंचे तोंड उघडेच राहिले. खालून अंगठा पुन्हा दाबला गेला. चित्र हलले.

मग बाईंनी कागद चाळला. "घरात आजोबाही आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांची संमती मला त्यांच्या तोंडून ऐकायची आहे. कुठे आहेत ते?"

याच प्रश्नाची त्या दोघांनी कितीतरी दिवस धास्ती घेतली होती. लिफ्टवाल्याने घसा खाकरला. "ते... इथेच आहेत, पण..."

"समोर येऊ शकतील का?"

कसे येणार? बाहेर आले तर मी सुटणार, मी सुटले तर पडदा जाणार. बाई वाट पाहत होत्या. आणि तेव्हा टेबलाच्या पुढच्या कडेवरून, नवराबायकोच्या बरोबर मधून, एक सुरकुतलेला हात वर आला आणि हलला.

"मी इथे आहे," टेबलाखालून आवाज आला. "वायर धरून बसलोय. सोडली तर तुम्ही सगळे जाल."

बाई थक्क झाल्या. त्यांच्या मागचे तोंड आधी अर्धे बाहेर आले, मग पूर्ण. मुलीने तो हात पाहिला आणि खुदकन हसली. मग ती खुर्चीवरून उतरली आणि पडद्यातून दिसेनाशी झाली. ती स्वतःच्या टेबलाखाली वाकून बघत होती.

"इथे नाहीयेत," ती खालून म्हणाली.

बाईंना हसू आवरेना, तरी त्यांनी विचारले, "आजोबा, नियम आहे म्हणून विचारते. या मुलीला घरी आणायला तुमची संमती आहे का?"

मला त्यांच्या अंगठ्याची नाडी लागत होती.

"बाई, माझे दोन्ही गुडघे धरलेत," पार्सलबाबा म्हणाले. "उगाच कोणी असं बसतं का?"

मुलगी पुन्हा खुर्चीवर चढली आणि नाक पडद्याला लावून म्हणाली, "तुम्ही बाहेर कधी येणार?"

"तू आलीस की."

चष्मेवालीने चष्मा काढला. या वेळी तिने तो पुसला नाही.

बैठक संपल्यावर लिफ्टवाल्याने पहिले काम केले ते ड्रायव्हर उतरवण्याचे. तो नवा दुभाषा माझ्याच पोटातून गेला. तो आत पोचताच कार्डाला वाचा फुटली, कोपऱ्यात वाय-फायची खूण उगवली, आणि माझे काम संपले. गरज सरो, वैद्य मरो. माझ्या बेकारीचा कागद मीच आणून दिला म्हणा ना. "सोडा बाबा, लागलं आता," लिफ्टवाला म्हणाला. पार्सलबाबांनी लगेच सोडले नाही. सोडले तेव्हा त्यांच्या अंगठ्यावर माझ्या डोक्याचा चौकोनी ठसा उमटलेला होता. त्यांनी प्रथमच माझे ते टोक डोळ्यांजवळ नेले आणि तुटकी क्लिप नीट पाहिली. "ही मीच मोडली होती," ते स्वतःशी म्हणाले. मग त्यांनी मला सैल वेटोळ्यांत गुंडाळून बोळातल्या खिळ्याला अडकवले. गाठ मारली नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांनी एखादी वस्तू न बांधता ठेवली असेल.

नंतरचे दिवस वाट पाहण्यात गेले. पलंग पुन्हा जोडला गेला. फोन वाजला की तिघेही उठायचे. एकदा तो संस्थेचा होकार घेऊन वाजला, आणि त्यानंतर एका सकाळी दाराशी गाडी थांबली.

मुलगी आत आली ती चष्मेवालीचे बोट धरून, भेदरलेली. पलंग दाखवला, तिने पाहिला नाही. खाऊ पुढे केला, तिने घेतला नाही. तिचे डोळे कोणाला तरी शोधत होते. पार्सलबाबा कुठेच दिसेनात. लिफ्टवाला गोंधळला, "आत्ता तर इथे होते," म्हणाला. खिळ्यावरही मी नव्हते. मुलगी बोट सोडून बोळात आली, त्या दिवसापासून तिथेच भिंतीला लावून ठेवलेल्या टेबलापाशी थांबली, आणि खाली वाकली.

तिथे पार्सलबाबा बसले होते. गुडघे पोटाशी घेतलेले आणि मुठीत मी. कशालाच न जोडलेली.

"आलीस?" ते म्हणाले. "चल, मग आता बाहेर निघू."

तिने आधी माझे दुसरे टोक हातात घेतले आणि मग दोघे बाहेर आले. एक टोक त्यांच्या हातात आणि एक तिच्या. मध्ये मी, अजिबात न ताणलेली.

तर मित्रांनो, घरात अशी एखादी जुनी केबल असेल तर तिला चुरगळून कोंबू नका, सैल गुंडाळून ठेवा. तिची क्लिप तुटली असेल तरी लगेच फेकू नका. ती अजून सगळे पोचवू शकते. फक्त कोणीतरी तिला धरून बसायला लागते.